लहान माशाचा घास

देवदर्शन आटोपून, प्रदक्षिणा पूर्ण करून भाविक सभामंडपाबाहेर येतो, तेव्हा त्याच्या हाती थोडा प्रसाद उरलेला असतो आणि मनाला निवांतपणा आलेला असतो. देवळाच्या आवारात बाग असावी, बागेत लहानसे तळे किंवा सिमेंटचा हौद असावा आणि त्यात मासे सोडलेले असावेत, हे दृश्य यवतमाळ जिल्ह्यातही आता नवलाचे राहिलेले नाही. भाविक कठड्यापाशी थांबतो. मूठभर मुरमुरे पाण्यावर पडतात. क्षणार्धात पाणी खळबळते, हातभर लांबीचे तांबडे-पांढरे मासे एकमेकांच्या पाठीवरून उसळतात, मुले टाळ्या पिटतात. मुक्या जिवांच्या मुखी अन्न घातल्याचे समाधान मानून भाविक पुढील वाटेला लागतो.

या समाधानात खोट काढण्याचे कारण नाही. परंतु त्याच वेळी हौदाच्या पलीकडच्या काठाला, शेवाळ धरलेल्या भिंतीलगत, बोटाच्या पेराएवढ्या माशांचा एक थवा स्तब्ध उभा असतो. मुरमुरे पडले ते त्याने पाहिलेले असतात, पण तिकडे जाण्याची त्याची छाती होत नाही. गेलाच तर मुरमुरा त्याच्या तोंडात मावत नाही आणि तो स्वतः मात्र मोठ्या माशाच्या तोंडात मावतो. येथे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. दान कोणाला दिले गेले? हौदाला, की हौदातील जिवांना? अन्न हातातून सुटले की दात्याचे कर्तव्य संपले असे समजावे, की ते ज्याच्या मुखी जावयाचे त्याच्या मुखी गेले की नाही, हे पाहण्यापर्यंत ते पोचते?

गृहस्थाच्या नित्यकर्मात पंचमहायज्ञ सांगितले आहेत, त्यांपैकी एक भूतयज्ञ होय. गोग्रास, काकबळी, पानाभोवती घातलेल्या चित्राहुती ही त्याचीच घरोघरी चालत आलेली रूपे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात या बळीचा विधी सांगताना कुत्री, पक्षी व कृमी यांच्यासाठी अन्न जमिनीवर हळूच ठेवावे, असे म्हटले आहे. ‘हळूच’ हा शब्द तेथे सहज आलेला नाही. अन्नाला धूळ लागू नये, ते खाण्याजोगे राहावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे मुंगीसाठी टाकलेल्या कणाविषयीही शास्त्राची अपेक्षा अशी की, तो मुंगीला खाता आला पाहिजे. फेकणे आणि देणे यांतील अंतर एवढ्या एका शब्दात स्पष्ट झाले आहे.

हौदातील रहिवासी कोण असतात, हे पाहिले म्हणजे प्रश्नाची अडचण ध्यानी येते. रंगीत कार्प हा मासा चांगला सांभाळला तर दोन फुटांपर्यंत वाढतो. त्याच पाण्यात पुष्कळदा इंच-दीड इंचाचे गप्पी मासेही असतात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप आणि डेंग्यू यांच्या प्रतिबंधासाठी आरोग्य खात्यामार्फत तो गावोगावच्या हौदांत व डबक्यांत सोडण्यात येतो. गावतलाव असेल तर तेथे कटला, रोहू आणि मृगळ असतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. या तिघांना एकत्र वाढविण्याची पद्धत मत्स्यपालनात रूढ झाली ती याच कारणाने की, प्रत्येकाचे ताट वेगळ्या थरात मांडलेले असते आणि एकाचा घास दुसऱ्याच्या आड येत नाही. बागेतल्या उथळ हौदात असे थर नाहीत. तेथे एकच ताट आहे, आणि ज्याचे तोंड मोठे त्याचा घास मोठा.

मोठा मासा लहान माशाला गिळतो, या निरीक्षणावरून भारतीय राजनीतीला एक शब्द मिळाला, तो म्हणजे मात्स्यन्याय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात म्हटले आहे की, दंडशक्ती नसेल तेथे बलवान दुर्बलाला खाऊन टाकतो. महाभारताच्या शांतिपर्वात राजा नसलेल्या प्रजेची हीच अवस्था वर्णिली आहे. आठव्या शतकात बंगालमध्ये गोपाल नावाच्या पुरुषास मात्स्यन्याय संपविण्यासाठी राजपद देण्यात आले, असा उल्लेख त्याचा पुत्र धर्मपाल याच्या खालिमपूर येथील ताम्रपटात आहे. राज्यसंस्थेची गरज पटवून देण्यासाठी तळ्यातील मासाच दृष्टांत म्हणून वापरावा लागला, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

याहून विलक्षण योग पुढे आहे. शतपथ ब्राह्मणात मनूची कथा येते. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक इवलासा मासा मनूच्या हाती लागला आणि म्हणाला की, मोठे मासे लहानांना गिळतात, तेव्हा मला सांभाळ. मनूने त्याला आधी घड्यात ठेवले, मोठा झाल्यावर खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात सोडले. महाभारताच्या वनपर्वात हीच कथा अधिक विस्ताराने आली आहे. तेथे रांजण, विहीर, गंगा आणि समुद्र असे टप्पे आहेत. प्रलयकाळी त्याच माशाने मनूची नौका ओढून नेली, ही पुढची हकीकत सर्वांना ठाऊक असते आणि मत्स्यावताराच्या चित्रांतही तीच रंगविलेली असते. पण कथेचा आरंभ अवताराच्या प्रतापाने झालेला नाही. त्याचा आरंभ एका भेदरलेल्या लहान जिवाने केलेल्या विनंतीने झाला आहे. आणि कौटिल्य सांगतो की, मात्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने ज्याला पहिला राजा केले, तो हाच वैवस्वत मनू. दोन ग्रंथांतील या दोन कथा शेजारी ठेवल्या, तर ज्याने ओंजळीतल्या माशाला मोठ्या माशांपासून वाचविले, त्याच्याकडेच माणसांना माणसांपासून वाचविण्याचे काम आले, असा अर्थ निघतो. ग्रंथकारांच्या मनात हा संबंध होता किंवा नाही, हे सांगता येणार नाही. वाचकाला तो जोडण्यास मात्र कोणाची आडकाठी नाही.

येथे एक आक्षेप सहज घेता येईल. मोठ्याने लहानाला खावे, हा सृष्टीचा क्रमच आहे. ईश्वराने जे नेमले त्यात माणसाने लुडबूड का करावी? आक्षेप वजनदार आहे आणि नदीच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी मान्यही करावा लागेल. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीच्या पात्रात वाळणकोंड नावाचा खोल डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान आहे. डोहातील महाशीर मासे देवीचे मानले जातात, कोणी ते धरीत नाही आणि भाविक त्यांना मुरमुरे घालतात. कर्नाटकात शृंगेरी येथे तुंगा नदीच्या घाटावरही हाच प्रकार पाहावयास मिळतो. अशा ठिकाणी भाविकाने टाकलेली मूठ ही नदीच्या अफाट अन्नसाठ्यातील एक नगण्य भर असते. लहान माशाला तेथे खडकाच्या कपारी आहेत, काठची उथळ पाणथळ आहे, पाणवनस्पती आहेत, पुरात मिळणारे नवे पाणी आहे. त्याने कोठे राहावे आणि कोठे चरावे हे नदीने ठरविले आहे.

बागेतला हौद मात्र सृष्टीने घडविलेला नाही. तो माणसाने बांधला. त्याच्या भिंती सरळ केल्या, त्यामुळे उथळ काठ उरला नाही. साफ दिसावा म्हणून शेवाळ आणि वनस्पती काढून टाकल्या, त्यामुळे लपावयास जागा उरली नाही. मग त्यात शोभेसाठी मोठे मासे आणि डासांसाठी लहान मासे माणसानेच आणून सोडले. नदीत जो न्याय ईश्वराच्या नावावर टाकता येतो, तो हौदात टाकता येत नाही. ज्याने पळून जाण्याची वाट बंद केली, त्याच्याकडेच आत कोंडलेल्यांच्या पोटाची चिंता येते. पिंजऱ्यातला पोपट उपाशी राहिला तर निसर्गाला दोष देणारा मनुष्य हास्यास्पद ठरेल, आणि हौदाची गोष्ट त्याहून निराळी नाही.

दुसरा आक्षेप समदृष्टीचा आहे. सर्व जीव समान, तर लहानांसाठी वेगळा घास काढणे हा पक्षपात नव्हे काय? गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुष गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्या ठायी सम पाहतो, असे सांगितले आहे. पण सम पाहणे म्हणजे सारखे वाढणे नव्हे. गाईला भाकरी चालते, हत्तीला ऊस चालतो, परंतु कुत्र्यापुढे चाऱ्याची पेंढी टाकून कोणी समदृष्टीचा दाखला देत नाही. हत्तीला मण आणि मुंगीला कण, ही लोकोक्ती याच विवेकातून आली. तिच्यात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. हत्ती मुंगीचा कण पळवून नेत नाही. दोघांची पाने लांब लांब मांडलेली आहेत. हौदात मण आणि कण एकाच पानात वाढले जातात, म्हणून तेथे नुसते प्रमाण ठरवून भागत नाही. जागा आणि वेळही ठरवावी लागते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत देश, काल आणि पात्र हे तीन शब्द येतात. तीर्थक्षेत्र हा देश, पर्वणी हा काल आणि सत्पुरुष हे पात्र, असा त्यांचा अर्थ सामान्यतः केला जातो. हौदाच्या काठावर हेच तीन शब्द अगदी साध्या अर्थाने खरे ठरतात. पाण्यात कोठे टाकावे, केव्हा टाकावे आणि कोणासाठी टाकावे? त्याच श्लोकात आणखी एक अट आहे. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही, त्याला दिलेले दान सात्त्विक. मासा काय परतफेड करणार, असे वाटून भाविक या अटीवरून पुढे जातो. पण परतफेड तेथे जागच्या जागी होत असते. मोठ्या माशांची उसळी, पाण्याचे तुषार, मुलांचा गलका हाच तो मोबदला. मनुष्य नेहमी त्याच पायरीवर उभा राहून त्याच ठिकाणी मूठ टाकतो, कारण तेथेच सर्वांत देखणी झुंबड उडते. लहान माशांना घातलेल्या भुकटीने पाणी हलतही नाही. म्हणून ती घातली जात नाही. दानाच्या आड आपले मनोरंजन येऊन बसले आहे, हे ओळखणे अवघड, कारण दोन्ही एकाच मुठीतून पडतात.

ज्यांनी मासे पाळले आहेत, त्यांची रीत या बाबतीत उद्बोधक आहे. ते आधी मोठ्या माशांना घालतात. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. घरात लहान मुलांची पंगत आधी बसते, मग येथे बलवानांना अग्रमान कशासाठी? कारण असे की, मोठे मासे एका टोकाला जाड दाण्यांत गुंतले म्हणजे दुसरे टोक मोकळे होते. तेवढ्या अवधीत तेथे, वनस्पती असतील तर त्यांच्या आडोशाला, बारीक चुरा शिंपडता येतो. गप्पी माशाचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते, त्यामुळे पृष्ठभागावर तरंगणारी भुकटी त्याला सहज टिपता येते. दाणा तोंडाच्या मापाचा हवा. शिवाय लहान मासा वाढीस लागलेला असतो, म्हणून वजनाच्या मानाने त्याला मोठ्यापेक्षा अधिक अन्न लागते आणि तेही थोडे थोडे, अनेक वेळा. दुर्बलाला न्याय देण्यासाठी बलवानाला उपाशी ठेवणे किंवा हाकलणे येथे आवश्यक ठरत नाही. त्याचे पान थोडे दूर मांडले तरी पुरते.

मागणारा प्रत्येक जीव भुकेला असतोच असेही नाही, हेही हौद शिकवितो. कार्प जातीच्या माशाला जठराची वेगळी पिशवी नसते. निसर्गतः तो दिवसभर कणकण वेचीत फिरणारा आहे, त्यामुळे पोट भरले म्हणून थांबल्यासारखा तो सहसा दिसत नाही. माणसाची सावली पाण्यावर पडली की अन्न पडते, एवढे तो लवकर शिकतो आणि तोंड उघडून पायरीपाशी येतो. दर्शनास आलेला प्रत्येक जण समजतो की, हा सकाळपासून उपाशी आहे. सुटीच्या दिवशी शंभर भाविकांनी एकेक मूठ टाकली, तर प्रत्येकाचे पुण्य मूठभर आणि हौदातला चिखल शंभर मुठींचा. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते. त्यातून निघणारा अमोनिया माशांच्या कल्ल्यांना जाळतो. कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. रात्री सूर्यप्रकाश नसल्याने शेवाळही प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागते, आणि पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी होतो. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करतात. काकड आरतीला आलेल्या भाविकाला ती विनवणी वाटते आणि तो आणखी मूठभर टाकतो. श्वासासाठी तडफडणाऱ्याला घास भरविण्याचा हा प्रकार अज्ञानाने घडतो, निष्ठुरतेने नव्हे. परंतु दान देणाऱ्याच्या अज्ञानाची किंमत घेणाऱ्याने मोजावी लागते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा धोका उन्हाळ्यात अधिक असतो, कारण पाणी जितके तापते तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो, आणि येथे वैशाखात पारा 40 अंशांच्या वर राहतो. हौद बिघडला म्हणजे तो रिकामा करून पुन्हा भरावा लागतो. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पिण्याच्या पाण्यासाठी जे हाल सोसले, ते ज्यांनी पाहिले त्यांना हौदभर पाणी ओतून देण्याचा अर्थ सांगावयास नको. ज्या जिल्ह्यात कळंबच्या श्रीचिंतामणीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून जमिनीखाली कुंडापाशी जावे लागते आणि ते कुंड देवाइतकेच वंदनीय मानले जाते, तेथे पाणी नासविणे आणि अन्नदान करणे या दोन गोष्टी एकाच हाताने व्हाव्यात, हे खटकणारे आहे. चार-पाच मिनिटांत संपेल इतकेच अन्न घालावे, असे जाणकार सांगतात. पाव, बिस्किटे, तेलकट चिवडा, कुंकू लागलेले खोबरे आणि निर्माल्य यांना पाण्यात स्थान नाही. रामनाम लिहिलेला कागद कणकेच्या गोळीत घालून ती माशांना देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. भाव आदरणीय आहे, पण कागद आणि शाई माशाच्या पोटाला मानवणारी नव्हेत. गोळी वळताना नाम मुखी असले तर कागदावाचून काय अडले? आणि वळायचीच तर थोड्या गोळ्या ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक वळाव्यात. त्याला वेळ लागतो, हे खरे. नामस्मरणाला वेळ मिळतो, हेही खरे.

एवढ्यावरून लहान मासा तेवढा निष्पाप आणि मोठा मासा अपराधी, असा समज करून घेणे चुकीचे होईल. गप्पी मासा प्रसंगी स्वतःचीच पिले खातो. आज भिंतीला बिलगून असलेले कार्पचे पिलू दोन-तीन वर्षांत पायरीपाशी धक्काबुक्की करू लागेल. मनूच्या ओंजळीतला मासाही पुढे गंगेत मावेना इतका वाढला होता. लहानाला जपावयाचे ते त्याच्या अंगी काही विशेष गुण आहे म्हणून नव्हे. त्याची त्या क्षणीची अवस्था तेवढी तशी आहे, आणि मोठ्याकडूनही विवेकाची अपेक्षा नाही, कारण तो त्याच्या तोंडाच्या आकाराप्रमाणे वागतो. साऱ्या हौदात निवड करू शकणारा असा एकच जीव आहे, तो कठड्याबाहेर उभा असतो.

महाप्रसादाच्या पंगतीत मुरलेला वाढपी असाच ओळखू येतो. ‘इकडे आणा’ म्हणून मोठ्याने हाक मारणाऱ्याला तो नाही म्हणत नाही. त्याच्या पानात वाढता वाढता त्याची नजर मात्र मंडपाच्या टोकाला, खांबाआड बसलेल्या एखाद्या म्हातारीच्या कोरड्या पानावर गेलेली असते. तिने मागितलेले नसते, मागण्याची तिला सवयही नसते. पुढच्या फेरीत भाताचे पातेले घेऊन तो त्या टोकापासून सुरुवात करतो.

हौदाच्या काठावरही हे करता येते. पायरीपाशी जाड मुरमुरे टाकून झाले, मासे तेथे जमले, मुलांचे पाहून झाले, म्हणजे एखादा भाविक मूठ तशीच मिटून पलीकडच्या बाजूला जातो. तेथे बसावयास पायरी नसते आणि दृश्यही काही नसते. तो दोन तळव्यांत मुरमुरे चुरडतो आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने वाकून तो चुरा हळूच सोडतो. काही वेळ काहीच घडत नाही. मग भिंतीच्या शेवाळातून एक मासा निघतो, कणाला तोंड लावून परत फिरतो, पुन्हा येतो. त्याच्यामागून आणखी चार येतात. पाण्यावर तरंग उठत नाही. चुरा तेवढा दिसेनासा होतो.